बेचाळीसवरचा ठिपका

तांब्याच्या बंबाला तळाशी घाम फुटला
त्या पहाटे भुसावळात सात अंश होते.
कल्हईवाल्याने आत बोट फिरवलं, म्हणाला,
ताई, डाग कशाला देऊ? धातू संपला,
हे आता नुसतं क्षारावर उभं आहे.

झोपेंच्या दुकानात मी एकटीच गेले.
पंधरा लिटर, पंचवीस लिटर, गॅसचा, गच्चीवरचा उन्हाचा,
मुलगा पत्रकं पुढे सरकवत राहिला.
"पाच वर्षं गॅरंटी." मग जरा वाकून,
"आपल्या पाण्यात दोन समजा."
पत्रकं पिशवीत टाकली, वर मेथीची जुडी.

आबांनी चष्मा लावून सगळी वाचली.
सासरे माझे. लोको शेडात बॉयलर-मेकर,
इंजिनाच्या पोटात शिरून रिव्हेट ठोकता ठोकता
कान तिथेच ठेवून आलेले.
गॅसच्या पत्रकावर म्हणाले, "मोरीले खिडकी नाही. नको."
कंपनीचं नाव एकदाही विचारलं नाही.
विचारलं, "पाइप किती फूट?"

मग आम्ही मोजायला निघालो
गच्चीपासून मोरीपर्यंत, माझ्या शिवणाच्या टेपने.
बासष्ट फूट. सहा एल्बो.
आबा पायरीवर बसले.
"म्हंजे रोज सकाळी बासष्ट फूट थंडं पानी
पहिले सांडायचं. थांबेल पानी थंडं होतं वं माय.
टाकी कोन्तीबी घे, रस्ता जवळचा पाह्य."

आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो.
मी मनात हिशेब केला: रोजची अर्धी बादली,
आठवड्याच्या चार.
ऊन राहिलं गच्चीवर.
स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून
विजेचा पंधरा लिटर, आणि सात फूट पाइप.

जुम्मा तडवी यावलहून आला,
मोटारसायकलला पिवळट पाइप बांधलेले,
टोकाला लाल फडकं.
जुना लोखंडी पाइप त्याने कापला.
आत पांढरं कडं, मधे पेन्सिल जाईल एवढीच वाट.
आबांनी तो तुकडा डोळ्याला लावला,
त्यातून आधी आभाळ पाहिलं, मग मला.
"इंजिनलेबी हाच रोग," म्हणाले,
आणि तुकडा खिशात टाकला.

संध्याकाळी पहिलं पाणी आलं.
जुम्माने नळ सोडला, बाजूला झाला,
मान वडीलधाऱ्यांचा.
आबांनी हात धरला खाली.
"आलं का गरम?"

मोरी वाफेने भरली होती.
त्यांचा हात तिथेच.

नळ मी बंद केला, जुम्माच्याही आधी.
पंजा लाल झालेला,
बोटांची टोकं मात्र तशीच, पिवळी, गुळगुळीत,
वापरून झालेल्या साबणासारखी.
"आबा, बोटांना कळत नाही? कधीपासून?"
ते हसले,
ऐकू आलं नाही असं.

सासूबाई रोज बंबाच्या पाण्यात
कोपर बुडवून बघायच्या.
मला वाटायचं, खोड.
त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

"मग ही तीन वर्षं?"
या वेळी ऐकू आलं त्यांना.
"थंडंच घेतो मी," म्हणाले,
"बरं असतं तब्येतीले."
आणि बंब मी रोज पेटवायची,
आबांची बादली आधी काढायची,
दाराशी ठेवायची.
ती तिथे निवायची.

जुम्मा उगाच पाना पुसत राहिला.

रात्री मुलीची नेलपॉलिश शोधली.
गिझरच्या चक्रीवर बेचाळीसपाशी
एक ठिपका दिला.
मे महिन्यात आमच्याकडे सावलीतही याहून जास्त असतं,
तेव्हा छपरावरची टाकीच बंब होते,
तेव्हाचं तेव्हा बघू.

आबा मागे येऊन उभे.
ठिपका वाळला का, बघायला
त्यांनी अंगठा टेकवला.
कळलं नाही.
अंगठ्याला लाल लागलं,
मी पुन्हा बाटली उघडली.